शर्ट कोनाचा होय?

चंद्रपुरात बुटिक टाकलं तेव्हा मोठ्या हौसेनं पाटीवर ‘फॅशन डिझायनर’ असं रंगवून घेतलं होतं. पहिल्या महिन्यात आत आलेल्या निम्म्या लोकांनी पडद्याचं कापड मागितलं. कोळसा खाणीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी सोफ्याच्या गाद्यांची मापं कागदावर लिहून आणली आणि ‘पोरी, जरा लवकर दे’ असं बजावलं. मी गाद्या शिवून दिल्या. झाल्याही छान. काकांनी पुढं दोन्ही सुनांना माझ्याकडं आणलं, त्यामुळं तुमच्या कारकिर्दीची सुरुवात कशानं झाली असं कुणी विचारलं तर खरं उत्तर सोफा हेच आहे.

आता साठी ओलांडली. दुकान भाची बघते, मी खुर्चीत बसून तिच्या कामात नाक खुपसते. संपादक म्हणाले, तुमच्या ग्लॅमरच्या दुनियेबद्दल लिहा. तर सांगते, चंद्रपूरच्या मे महिन्यात ग्लॅमर फार वेळ टिकत नाही. घामाबरोबर उतरतं.

माझे वडील वरोऱ्याला रेल्वेत सांधेवाले होते. मुलींनी शिकलंच पाहिजे यावर ते ठाम. काय शिकायचं त्यात कधी पडले नाहीत. मी नागपूरला ड्रेस डिझायनिंग शिकायला जाते म्हटल्यावर म्हणाले, “शिंप्याचंच काम होय ना? मंग मन लावून कर, झालं.” पुढं मी काही वर्षं मुंबईत काढली, आधी परदेशात तयार कपडे पाठवणाऱ्या कंपनीत आणि मग एका नामांकित डिझायनरच्या हाताखाली. तिथं मी दुसऱ्याच्या चित्रांचे कागद कापत होते. परत आले तेव्हा लोकांना वाटलं, हिचं तिकडं काही जमलं नसावं. जमलं होतं. पण इथं चित्र माझं, कात्री माझी आणि उकाडाही माझाच.

लोकांना वाटतं, डिझायनर म्हणजे चित्रं काढणारी बाई. चित्र हा कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. आधी गिऱ्हाइकाला बसवून बोलतं करायचं. मग माप. मग तपकिरी कागदावर प्रत्येक भागाचा आकार काढायचा. त्या आकारावरून मांजरपाटाचा कच्चा कपडा शिवायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचा, खडूनं खुणा करायच्या, उसवायचा, पुन्हा शिवायचा. खऱ्या कापडाला कात्री लागते ती त्यानंतर, आणि एकदा लागली की माघार नाही. माप टेपनं निघतं. पण सैलपणा कुठं ठेवायचा आणि किती, ते टेप सांगत नाही. ते ही बाई दिवसभर करते काय, यावर ठरतं. शाळेतली मास्तरीण फळ्यावर हात उंच करते म्हणून तिचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, वेगळा, आणि गल्ल्यावर बसणारीचा वेगळा.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. एका नवरीला ऐन मे महिन्यात टीव्हीवर पाहिलेला मरून वेल्वेटचा लेहंगा हवा होता. मी म्हटलं, “अवो, यात तू शिजशील.” ती म्हणाली, “शिजली त शिजली मॅडम, पर फोटो चांगले आले पायजे.” मग मी आतून सगळं मलमलीचं अस्तर लावलं आणि पाठीला एक चोरखिसा केला. करवलीनं दर थोड्या वेळानं त्यात ओला रुमाल सरकवायचा असं ठरलं. लग्नात चक्कर नवऱ्याला आली. त्याची शेरवानी माझ्याकडची नव्हती, हे इथं नम्रपणे नमूद करते.

आणखी एक बाई आलापल्लीच्या, नवरा जंगल खात्यात. सागाचं कोवळं पान हातावर चोळलं की हात लाल होतो, हे आमच्याकडच्या पोराटोरांना माहीत आहे. ह्या बाई तसा लाल तळवा घेऊन बसनं चंद्रपूरला आल्या आणि माझ्यासमोर हात पसरून म्हणाल्या, “हा रंग.” मी रंगाऱ्याकडं पानांची पोती टाकली. तुरटी घातली, लोखंडाचं पाणी घातलं, ओळखीच्या रसायनवाल्या मास्तरांना गाठलं. दर वेळी रंग मातकट जांभळा यायचा. शेवटी ओशाळून तीच साडी दाखवली. बाईंनी ती उन्हात धरली आणि म्हणाल्या, “दुसऱ्या दिवशी हात असाच दिसते, मॅडम.” पैसे देऊन आनंदानं घेऊन गेल्या. असं गिऱ्हाईक मिळालं की पुढच्या दहा कटकटी माफ होतात.

खंत आहे का? आहे. मोठ्या शहरात दिव्यांच्या झगमगाटात माझ्या नावानं एक तरी कपडा चालावा असं फार वाटायचं. तो योग आला नाही. पण माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं डिझाईन कोणतं, असं विचाराल तर मी लेहंग्याचा अल्बम उघडणार नाही. मी एका शर्टाबद्दल सांगेन.

माझ्याकडं मंदा नावाची मुलगी हातकामाला होती. काज, बटणं, हेम, टिकल्या असलं सगळं तिच्याकडं. माहेर तिचं सिंदेवाहीच्या पलीकडचं, धिवराचं, म्हणजे मासे धरणाऱ्यांचं. एका वर्षी होळीनंतर तिची आई सायत्राबाई तिच्याकडं राहायला आली. मंदाच्या दोन खोल्यांत दिवसभर एकटीनं बसून काय करणार, म्हणून लेकीबरोबर दुकानात यायची आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून आमचं काम बघायची. उंच, वाळकी बाई. डोळे मात्र असे, की आपण चुकीची टीप घातली तर तिला कळेल असं वाटावं. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काळे वण होते. भाजलं का म्हणून मी विचारलं.

“नाई वो बाई. तेंदूपान,” ती म्हणाली.

तेंदूपानाचा, म्हणजे विडीच्या पानाचा, हंगाम ऐन उन्हाळ्यात, थोड्याच दिवसांचा. सकाळी बाया घोळक्यानं जंगलात जातात. एकटीनं जायचे दिवस वाघानं ठेवलेले नाहीत. पानं तोडून घरी आणायची, मोजून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे घेतात त्या जागी, नेऊन द्यायचे. झुडपांत काटेरी वेली आणि लाल मुंग्या. म्हणून बाया लुगड्यावरून नवऱ्याचा जुना, पूर्ण बाहीचा शर्ट चढवतात. रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीतही तोच. आमच्याकडच्या कुठल्याही धानाच्या बांधीत पाहा, चिखलात वाकलेल्या बायांच्या अंगावर गावातल्या सगळ्या पुरुषांचे शर्ट दिसतील.

“मंग तुमी शर्ट नाई घालत का?” मी विचारलं.

“घालत होती ना.”

तिचा नवरा तलावात जाळं टाकायचा. काविळीनं गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. रिवाजाप्रमाणं त्याचे कपडे वाटून टाकले. एक शर्ट मात्र सायत्राबाईच्या कामाचा म्हणून तिच्याकडं राहिला. तो तिनं चाळणी होईपर्यंत घातला. मागच्या हंगामाच्या आधी त्याची बाही हातात आली. तेव्हा ती नुसत्या लुगड्यावर जंगलात गेली, हात फाटले, पिकले, आणि अर्ध्या हंगामात घरी बसावं लागलं.

“मंग नवा घ्या ना एखादा,” मी म्हटलं. “बाजारात जुने बी भेटतेत.”

ती हसली. “घ्याले काय, घेता येते. पर लोक इचारतीन ना, कोनाचा होय म्हनून.”

“माहा होय म्हनाचं.”

“मानसाचा शर्ट माहा कसा होईन, बाई? माहा मानूस त नाई आता.”

मला कळेना. मंदानं सुई खाली ठेवून समजावलं. गावात कुणाच्या अंगावर कुणाचा शर्ट आहे हे सगळ्यांना पाठ असतं. निळ्या चौकडीचा म्हणजे अमक्याचा, म्हणजे ती त्याची बायको. नवरा नसलेल्या बाईच्या अंगावर पुरुषाचा अनोळखी शर्ट दिसला की संध्याकाळपर्यंत त्याचा मालक शोधून काढतात, आणि नसला तर तयार करतात. एका बाईनं दिराचा शर्ट घातला होता. साधाभोळा दीर, त्यानंच दिलेला. जाऊ वर्षभर तिच्याशी बोलली नाही, आणि मग एका घराची दोन घरं झाली.

“म्हनून मी म्हनतो, माह्याकडं राह्य,” मंदा आईकडं न बघता म्हणाली. “यंदा जंगलात नाई जमलं त सामान आनजो. जावई काई नाई म्हनत नाई.”

“जावई नाई म्हनत नाई, त्याच्याचसाठी त भेव वाट्टे,” सायत्राबाई म्हणाली.

तिचं घर तलावाच्या पाळीला लागून होतं. तेंदूपान आणि रोवणा या दोन कामांवर ती एकटी ते चालवत होती. यंदाचा हंगाम हातचा गेला की घराला कुलूप, आणि उरलेलं आयुष्य लेकीच्या दोन खोल्यांत. हे तिनं मला रडून सांगितलं नाही. बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं. मग थोडं पुढं सरकून म्हणाली, “बाई, तुमी त कपडे बनोता. असा शर्ट बनोता येते का, का कोनी इचारलाच नाई पायजे?”

मंदा शरमली. “आई, काई बी बोलून राह्यली तू.”

पण मी हातातली मापांची वही बंद केली. मोठमोठ्या गिऱ्हाइकांनी मला ‘काहीतरी वेगळं हवं’, ‘रिच दिसलं पाहिजे’ असल्या गोलमाल गोष्टी सांगितल्या होत्या. कपड्यानं नेमकं काय करायचं हे इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, “येते.”

म्हटलं खरं, आणि लगेच माती खाल्ली. मी विचार केला, शर्ट बाईचाच आहे हे दुरूनच कळलं की झालं. बारीक फुलांचं जाड सुती कापड घेतलं, गोल कॉलर केली, कमरेत थोडा घेर दिला. फार गोड झाला होता. सायत्राबाई पुढच्याच आठवड्यात गावाला गेली ती तो घेऊन. परत आली तेव्हा शर्ट पिशवीत घडी करून आणला होता. घालून नुसती पाण्याला गेली, तर विहिरीवर बाया म्हणाल्या, सायत्रा नवरी झाली का वो? कोनासाठी नटून राह्यली? म्हणजे शर्ट कुणाचा हे विचारायचं राहिलं, आणि शर्ट कुणासाठी हे विचारलं गेलं.

“अन् फुलं पाहून मुंग्या बी येतीन,” सायत्राबाई म्हणाली. तिच्या नजरेत राग नव्हता, उलट मलाच धीर देत होती.

दुसऱ्या वेळी मी उलट्या टोकाला गेले. मातकट रंगाचं साधं कापड, रुंद पाठ, लांब बाही, काखेत चौकोनी तुकडा जोडलेला, म्हणजे हात वर-खाली करताना कापड ओढणार नाही. आणि छातीला दोन्हीकडं बेमालूम डार्ट. डार्ट म्हणजे कापडाला आतून घातलेली चिमट, बाईच्या कपड्याला गोलाई देणारी. मी मनात म्हटलं, पुरुषाच्या शर्टाला डार्ट कधी असतो का? हा शर्ट बाईचा आहे हे त्यातच सिद्ध झालं! मंदानं तो आईला घातला, तिला दुकानाच्या बाहेर रस्त्यापलीकडं उभं केलं आणि मला म्हणाली, “मॅडम, पाहा आता इथून.”

मी पाहिलं. रस्त्यापलीकडं एक बाई कुठल्यातरी पुरुषाचा शर्ट घालून उभी होती. डार्ट दिसतो तो फक्त शिंप्याला. चार वर्षं कॉलेजात आणि पुढं इतकी वर्षं धंद्यात घालवलेल्या बाईशिवाय ही चूक कुणाच्या हातून झाली नसती. जगातली माणसं कपड्याचा कट बघतात असा आमच्यासारख्यांचा समज असतो.

हंगाम जवळ आला होता. मला झोप लागेना म्हणणं खोटं होईल, मी कशातही झोपते. पण जेवताना ताटात कॉलरचे आकार दिसायला लागले. शेवटी एका रविवारी मंदाबरोबर मूल गावावरून जाणारी बस पकडून तिच्या गावी गेले. म्हटलं, विचारणारी माणसं तरी बघू कोण आहेत.

माणसं फारच चांगली निघाली. सायत्राबाईच्या अंगणात चिंचेखाली बाया जमल्या, मला काळा चहा दिला, आणि मंदाची मालकीण इतकी काळी कशी, शहरातल्या बाया गोऱ्या असतात ना, याची चर्चा माझ्यासमोरच झाली. अंगणातून तलावाची पाळ सरळ दिसत होती. पाळीच्या दुसऱ्या टोकावरून कुणीतरी डोक्यावर भारा घेऊन येत होतं. मला तर बाई आहे की बुवा तेही कळेना.

“रुखमा आली,” एकजण म्हणाली.

“कसं काय ओळखलं?” मी विचारलं. “तोंड त दिसत नाई.”

“तोंड कायले पायजे? लुगडा रुखमाचा होय. पिवळ्या काठाचा. पोराच्या बारशाले घेतला होता.”

मग त्यांचा खेळच सुरू झाला. वाळत घातलेलं ते हिरवं कोणाचं, तलावात धुऊन राह्यली ती कोण, कुणाचं लुगडं कुणाच्या लग्नात आलं आणि कुणाला नेसायला दिलं तेव्हा त्याच्यावर हळद सांडली. चेहरे न बघता त्या गावातल्या एकेका बाईला वाचत होत्या. मी चहा तसाच खाली ठेवला. शर्ट नवऱ्याचा असतो, म्हणून तो पाहिला की नवरा आठवतो. लुगडं मात्र बाईचं स्वतःचं असतं. ते पाहिलं की तीच आठवते, दुसरं कोणी नाही. मी कॉलर गोल की टोकदार यात अडकले होते, आणि सगळी मेख कापडात होती.

“सायत्राबाई,” मी म्हटलं, “तुमचं एखादं जुनं लुगडं हाये का? असं, का ज्याले सारा गाव ओळखते?”

बायांमध्ये एकदम हशा उठला. सायत्राबाई पदर तोंडाला लावून आत गेली. ती बाहेर येईपर्यंत मला गोष्ट कळली. काही वर्षांपूर्वी एका लग्नात पंगत बसली असताना बिथरलेला बैल मांडवात शिरला. वऱ्हाडी पळाले, नवरदेव पाटावरून उडी मारून पळाला, स्वयंपाकी कढईमागं लपला. सायत्राबाईनं एका हातात पोळपाट घेतला, दुसऱ्या हातानं पदर हलवत बैलाला गावकुसाबाहेर नेऊन सोडलं. शिंग लागून पदर फाटला. त्या जागी तिनं निळं ठिगळ लावलं होतं. तेव्हापासून त्या लुगड्याला गावात बैलाचं लुगडं म्हणतात.

विटकरी रंगाचं, हिरव्या काठाचं, नऊवारी सुती लुगडं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. सायत्राबाईनं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्यावरचा हात लवकर काढला नाही.

“कापान का हे?” तिनं विचारलं.

“कापावं लागन.”

“एवढाच चांगला हाये माह्याकडं. बाकीच्याच्या गोधड्या झाल्या.” तिनं ठिगळावरून बोट फिरवलं. “मंग पुन्यांदा नाई जुळनार ना हा?”

मी खोटं बोलले नाही. नाही जुळणार, म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. वेल्वेटचं महागडं कापड मी बेधडक कापलं होतं. तिसऱ्यांदा चुकले तर या बाईचं लुगडंही जाणार होतं आणि घरही.

“जाऊ द्या,” सायत्राबाई म्हणाली. “बैल बी एकदाच आला होता.”

तो शर्ट मी स्वतः शिवला, दुकानातल्या कटिंग मास्टरला हात लावू दिला नाही. जुन्या लुगड्याचा एकच थर काट्यापुढं टिकला नसता, म्हणून बाह्या आणि पुढचा भाग दुहेरी घेतला आणि गोधडीला घालतो तसे जवळजवळ धावदोरे घातले. तेवढं काम मंदानं हातानं केलं. पाठ आणि काखेखालचा भाग एकेरी ठेवला, उन्हात वारा लागायला. खांद्यामागं एक खोल चूण दिली, वाकलं की ती उघडते. हिरवा काठ बाहीच्या टोकाला आणि पुढच्या बटणपट्टीला आला. मनगटाला बटण नाही, बांधायची नाडी. पानाच्या चिकट हातांनी बटण लागत नाही. डार्ट घातला नाही. राहता राहिलं निळं ठिगळ. मास्टर म्हणाला, फाटकं तेवढं वगळून कापा, कापड पुरून उरते. मी ते ठिगळ पाठीवर मधोमध घेतलं, खांद्यांच्या जरा खाली, दुरून पहिल्यांदा नजर जाते तिथं. डिझायनर आपल्या नावाची चिठ्ठी गळ्याच्या आत लावतो. इथं नाव माझं लावायचं नव्हतं.

सायत्राबाईनं आरशासमोर शर्ट घातला. हात वर केले, खाली वाकली, बसली, उठली. मग मान वळवून पाठ बघत राहिली.

“बैल मांगंच हाये म्हना अजून,” ती म्हणाली आणि इतकी हसली की मंदालाही हसावं लागलं.

ती गेली आणि हंगाम सुरू झाला. दोन-चार दिवस काहीच निरोप नाही. मंदाला विचारावं तर ती म्हणायची, तिचा फोन नेहमीसारखा बंद आहे. शेवटी मी काहीतरी निमित्त काढून मंदाला घेऊन पुन्हा गावी गेले. बसमधून उतरलो ते सरळ फळीवर. ऊन उतरलं होतं, मोकळ्या मैदानावर पुड्यांच्या रांगाच रांगा पसरल्या होत्या, आणि हवेत त्या पानांचा तुरट वास होता. नवऱ्यांचे शर्ट घातलेल्या बाया आपापले पुडे डोक्यावरून उतरवत होत्या. मला काही शोधावं लागलं नाही. निळं ठिगळ मैदानाच्या या टोकावरून दिसलं.

पुडे मोजून घेणारा मुन्शी त्या वर्षी नवा होता, सिरोंच्याकडून आलेला. सायत्राबाईच्या पुढ्यात आला आणि त्या विटकरी, हिरव्या काठाच्या, ठिगळाच्या शर्टाकडं बघून सहज म्हणाला, “ये किसका शर्ट है, अम्मा?”

मंदानं माझा दंड धरला. आणि सायत्राबाईनं तोंड उघडायच्या आत चारी बाजूंनी बायांनी एकच गलका केला. “सायत्राचा होय! अजून कोनाचा? बैलाचा लुगडा होय थो!” एकीनं तर डोक्याला दोन बोटं लावून शिंगं करून दाखवली. मुन्शी बिचारा गोंधळून हसला. सायत्राबाई पुड्यांवरची धूळ झटकत, मान वर न करता म्हणाली, “माहा होय. मोजा.”

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तिचे दोन्ही हात पुढं होते, मनगटापर्यंत हिरव्या काठात, आणि बोटांवरचे ओरखडे सोडले तर धड. ती घरीच राहणार होती, तलावाच्या पाळीला. मंदा मुकाट्यानं आईचे पुडे उचलून द्यायला लागली.

तेवढ्यात एक तरुण बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. लग्नाला फार दिवस झाले नसावेत. अंगावर पांढऱ्या रेघांचा पुरुषाचा शर्ट, चांगला होता, फाटलेला वगैरे नव्हता. शर्टाचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “मॅडम, माह्या लुगड्याचा होईन का असा?”

“होईन ना,” मी म्हटलं.

सायत्राबाईनं मागं वळून तिच्याकडं पाहिलं. “तुले कायले पायजे वो? तुहा मानूस त चांगला धडधाकट हाये.”

“हाये ना,” ती म्हणाली. “पर हा शर्ट त्याचा होय.”

सायत्राबाईनं तिला एकदा खालीवर न्याहाळलं आणि मला म्हणाली, “घ्या मंग माप.” मी पर्समधून टेप काढली. त्या पोरीनं नवऱ्याचा शर्ट अंगातून काढला, घडी करून मंदाच्या हातात दिला आणि दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभी राहिली.